राहिलेलं लगीन

मांडवावर जांभळीचे टहाळे पडले. वाजंत्रीवाल्यांचा एक चहा झाला आणि ते दुसऱ्याची वाट बघू लागले. गाणी गाऊन लगीन लावणारी धवलेरी येऊन भिंतीवर काढलेल्या पालघट देवीच्या चौकाखाली मांडी ठोकून बसली, गळा साफ करून मोकळी झाली. तरी प्रेमा हळदीला बसायचं नाव घेईना. कधी ती पाण्याला जाई, कधी भाताच्या हंड्याखालचं लाकूड सारी, कधी उगाच कोंबड्यांवर ओरडे. नवरी आहेस तू, कामाला हात लावू नको, असं बायांनी सांगून पाहिलं, पण ऐकेल ती प्रेमा कसली.

उद्या त्या मांडवात दोन लग्नं लागायची होती. एक प्रेमाच्या पोराचं, उमेशचं, रुपीशी. दुसरं उमेशच्या आई-बापाचं. दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यात याचं कोणाला नवल नव्हतं. बाई घरात येते, चूल मांडते, पोरंबाळं होतात, आणि लगीन सवड मिळेल तेव्हा लागतं. पाड्याच्या लेखी ती पहिल्या दिवसापासून घरचीच असते. अट एकच, जुनी आणि पक्की. आई-बापाचं लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही. रुपी वर्षभर घरात नांदत होती, आता तिला दिवस गेले होते, आणि पोर जन्मायच्या आत धवलेरीचं गाणं आपल्यावरून गेलं पाहिजे असं उमेशच्या मनाने घेतलं होतं. त्यामुळे प्रेमाला मांडवात उभं राहणं भाग होतं.

बिचारीचं राहूनच गेलं, असं लोक इतकी वर्षं म्हणत आले. प्रेमा ते ऐकून घेई आणि मान खाली घाली. खरं म्हणजे तिचं लगीन राहून गेलं नव्हतं. तिने ते राहू दिलं होतं.

सुरुवातीचं खरं होतं. घरात दाणा नसताना मांडव कोण घालतो? पण मुलगी योगिता आठवीत असताना नणंद गौराबाय खोडाळ्याहून पोरीसाठी स्थळ घेऊन आली. प्रेमाला नाही म्हणायला कारण सापडेना. तेवढ्यात पाड्यातला एक म्हातारा सहज बोलून गेला, "आई-बापाचं अजून लागलं नाय, नि पोरीचं कुठं काढता?" झालं, पाहुणे चहा पिऊन परत गेले. कोणाशी भांडण नाही की तंटा नाही. त्या दिवशी प्रेमाला उमगलं की न लागलेलं लगीन ही या घरातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. पुढे नवऱ्याने, बुध्याने, मांडवाचा विषय काढला की तिच्याकडे सबब तयार असे.

हा आडोसा आता उद्या जायचा होता. आणि गौराबाय सकाळच्या जीपने येऊन थडकली होती. बरोबर तिचा दीर फागू, आणि फागूच्या पिशवीत मागणीची सुपारी.

"अगं, बस ना आता," धवलेरीने हाक मारली. "ऊन उतरायला लागलं."

"बसते. आधी पोरीचा निबंध जाऊ दे."

"लगीन तुझं, आणि निबंध पोरीचा. दोघांचा काय संबंध?"

प्रेमाने हात पदराला पुसले. ती मांडवाच्या कडेला गेली. तिथे योगिता मोबाइल घेऊन बसली होती आणि तिचा काका सुदेश तिच्या शेजारी उकिडवा बसून मान हलवत होता. बंगळुरूकडच्या एका विद्यापीठाची लेखी परीक्षा योगिता पास झाली होती. तिथे हजारांतून मूठभर घेतात. आता एक निबंध पाठवायचा, मग मुलाखत, आणि जमलं तर शिकणं, राहणं, खाणं सगळं तिकडून. निबंध मराठीत चालणार होता. आज संध्याकाळपर्यंत तो गेला नाही तर पुढचं सगळं संपलं. प्रश्न एका ओळीचा होता. तुमच्या घरात कोणीतरी घेतलेल्या आणि तुम्ही जवळून पाहिलेल्या एका निर्णयाबद्दल लिहा.

सुदेश जव्हारला सरकारी ऑफिसात कारकून. घरातला पहिला शिकलेला तो, त्यामुळे निबंध त्याच्या नजरेखालून जायचा हे ठरलेलंच. पण त्याची नजर भलतीच बारीक. योगिताने लिहावं आणि त्याने खोडावं, असं आठवडाभर चाललं होतं.

"माझं ऐक," सुदेश सांगत होता. "शिरपामाळाचं लिही. सुरतेला जाताना शिवाजी महाराज तिथं थांबले होते. त्यात कोणाची लाज जात नाही."

"प्रश्न घरातल्या माणसाचा आहे काका. महाराज आपल्या घरातले नाहीत."

"पण आई-बापाचं लगीन उद्या आहे, असं कोणी लिहितं का? हे इकडं ठीक. बाहेर याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. तिकडं शिकलेली माणसंही राहतात तशी."

सुदेशने कान झाकल्यासारखं केलं. बुध्या खांबाला टेकून बिडी ओढत होता, त्याला हसू आलं. "वाच तरी, पोरी," तो बोलला. "काय लिहिलंस आमचं, कळू दे."

वाचायचं म्हटल्यावर मांडवातली माणसं सरकून जवळ आली. गौराबायने तर पोळपाट बाजूला ठेवला. योगिताने वाचलं:

"आमच्या घरातला सर्वांत मोठा निर्णय माझ्या बाबांनी घेतला. परिस्थितीमुळे माझ्या आई-बाबांचे लग्न अनेक वर्षे राहून गेले. आईने कधी तक्रार केली नाही. निर्णय घेण्याची संधी तिला परिस्थितीने दिलीच नाही. या वर्षी बाबांनी ठरवले, की आता आईला तिचा मान मिळालाच पाहिजे..."

पुढे बरंच होतं. बुध्याने बिडी विझवली आणि उगाच मिशीवर हात फिरवला. एका बाईने पदर डोळ्यांना लावला. गौराबाय बोलली, "चांगलं लिहिलंस गं. खरंच बिचारी."

"मान वगैरे शब्द बरे आहेत," सुदेशने कबूल केलं. "लग्न हा शब्द जरा मागं ढकलला तर जाईल पाठवायला."

प्रेमाच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. राग पोरीचा नव्हता. पोरीला हे कोणी शिकवलं? आपणच. वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलो, पोरीने ती खाली घातलेली मान बघितली आणि तसंच लिहिलं. उद्या ही इतक्या लांब जाणार, चार अनोळखी माणसांसमोर बसणार, ते विचारणार, तुझ्या आईचं सांग. आणि ही सांगणार, तिला कधी काही ठरवताच आलं नाही. प्रेमाला ते सोसवेना.

पण बोलायचं म्हणजे बुध्याचं तोंड सगळ्यांसमोर उतरणार. उद्या त्याच्याच शेजारी उभं राहायचं आहे. ती कदाचित गप्पच राहिली असती. पण गौराबायला दम नव्हता.

"वाचून झालं ना? मग दुसरं पण उरकून घ्या," गौराबायने फागूकडे खूण केली. "सगळी माणसं जमलीत. फागूच्या मंगेशसाठी योगिताची सुपारी आजच घेऊ. पोराची स्वतःची जीप आहे, खोडाळा-जव्हार चालवतो. दारू नाय, काय नाय."

"आत्या, मी शिकायला जाणार आहे," योगिता बोलली.

"जा की. कोण अडवतंय? सुपारी घेतली म्हणून शिकता येत नाय काय? नाव लावून ठेवायचं. बुध्या, तू बोलला होतास दिवाळीला."

बुध्याने खांबाची साल खरवडली. "मी बोललो, आमचं लागलं की बघू."

"मग लागतंय ना उद्या."

"उद्या लागतंय."

"तर झालं की."

फागू पिशवीची गाठ सोडू लागला. तो भला माणूस होता, वहिनी सांगेल तसं करणारा. उमेशने बापाकडे बघितलं, मग आईकडे. तो वसईला कंपनीत कामाला. त्याची सुट्टी परवा संपत होती. "आई, आत्ता वाद नको हां," तो हळूच बोलला. "नुसती सुपारी आहे. बाद में बघू. सुट्टी परत मिलत नाय मला."

"नंतर कोण बघतं?" प्रेमा बोलली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण फागूचा हात गाठीवरच थांबला.

"योगिता, ते पुसून टाक. तू लिहिलंस ते खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"परिस्थितीमुळं राहिलं ते. पहिली वर्षं तसं होतं. मग नव्हतं. मांडव घालण्यापुरतं घरात होतं, नि तुझ्या बाबाने विषयही काढला. मी लांबवलं. मुद्दाम लांबवलं. तू आठवीत होतीस, ही गौराबाय स्थळ घेऊन आली होती. आई-बापाचं लागलं नाय म्हणून ते परत गेलं. तेव्हा मी मनाशी धरलं, पोरगी शिकून सरेपर्यंत माझं लागू द्यायचं नाय."

वाजंत्रीवाल्यांतल्या एकाने पिपाणी तोंडाशी नेली होती, ती त्याने गुपचूप खाली ठेवली.

"म्हणजे त्या साली तुझी चुलती आजारी होती, ते?" बुध्याने विचारलं.

"चांगली खाऊन पिऊन होती."

"आणि भावाचा पाय मोडला ते?"

"मोडला होता. पण लवकर बरा झाला. मी नाय सांगितलं."

बुध्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "ही दोन मला ठाऊक होती," तो बोलला. "मी कळून न कळल्यासारखं केलं. म्हटलं, नसेल तिच्या मनात. पण धवलेरीच्या घरी सुतक आहे, या वर्षी ती गाणार नाय, ते?"

आता सगळ्या माना धवलेरीकडे वळल्या. म्हातारी पान चघळायची थांबली.

"माझ्या घरी कुठलं सुतक?" ती बोलली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती बुध्याकडे वळली. "म्हणून त्या साली तू माझ्याकडं तांदूळ नि कोंबडा धाडलास होय? मी म्हटलं, बुध्याला आज काय सुचलं. गोड लागला हो पण."

दोघी-तिघी बाया फिसकन हसल्या, आणि बुध्याचा चेहरा पडला. पहिल्या दोन सबबींनी त्याला काही झालं नव्हतं. कोंबडा मात्र त्याला लागला.

गौराबाय उठून उभी राहिली. "माझ्या भावाला इतकी वर्षं फसवलंस तू. पाड्यात लोक त्याला हसले, बायको उभी राहत नाय म्हणून. मला वाटायचं, गरिबाची लेक, बिचारी. मला काय कोणी विचारून दिलं होतं? माझं लगीन झालं तेव्हा मला धड लुगडं नेसता येत नव्हतं. मी मेले काय?"

"नाय मेलीस, बाय," प्रेमा बोलली. "पण पहिल्या वर्षी तू इथं पळून यायचीस, नि तुझ्या बापाने तुला प्रत्येक वेळी परत नेऊन घातलं. मी चुलीपाशी बसून बघायची. तेव्हा मी नवी होते, माझं कोण ऐकणार? माझ्या पोरीच्या वेळी मात्र मला गप्प राहायचं नव्हतं."

खोडाळ्याच्या घरात गौराबाय आणि तिचा म्हातारा दोघंच. तिला पोरगी नाही, नि योगितावर तिचा जीव होता. भाची शेजारी दिराच्या घरात आली की आपलंही घर भरेल, एवढाच तिचा हिशोब. ती पुन्हा खाली बसली. पण सुपारी परत घे, असं काही ती बोलली नाही.

"मग मला पण थांबवलंस," उमेश एकदम बोलला. "मी किती वेळा बोललो, रुपीचं लवकर करू. तू बोलायचीस, बघू."

"थांबवलं तुला," प्रेमा बोलली. "तुझ्यापुरती मी चुकले. ते मला लपवायचं नाय."

"आता पण तिच्यासाठीच चाललंय तुझं. ती सुपारी घेतली नाय, आत्या उठून गेली, मांडव मोडला तर रुपीने काय करायचं?"

रुपी ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती फार बोलणारी नव्हती. सासरच्या भांडणात नव्या सुनेने पडू नये एवढं तिला कळत होतं, पण तिचंच नाव निघालं होतं.

"माझं सांगून कोणी योगिताचं उरकू नका," ती बोलली. "मी हितंच आहे. कुठं जाते? आज नाय तर पावसाळ्यानंतर लागेल. माझ्या पोटात पोरगी असेल, तर तिला पण हीच आजी पाहिजे."

उमेश बायकोकडे बघतच राहिला. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं.

प्रेमाला बळ आलं. ती बुध्यासमोर जाऊन उभी राहिली. आता तिला त्याच्या उतरलेल्या तोंडाकडे बघावंच लागलं, आणि तिला वाईट वाटलं.

"तुला हसले लोक, ते माझ्यामुळं," ती बोलली. "मला तुझ्यासंगं उभं राहायचं नव्हतं असं नाय. तसं असतं तर मी कधीच गेले असते माझ्या वाटेने. मी उद्या उभी राहते, खुशीने राहते. पण आधी ती सुपारी या मांडवातून बाहेर जाऊ दे. नायतर हे टहाळे सुकू दे इथंच."

"मला विचारलं असतंस," बुध्या बोलला. "मी हो बोललो असतो. पोरगी शिकू दे, बोललो असतो."

"नसतास बोललास."

बुध्याने खरोखर विचार केला. माणूस सरळ होता. "तेव्हा नसतो बोललो," तो शेवटी बोलला. "बाय बोलली असती घेऊ सुपारी, तर घेऊन टाकली असती." तो बहिणीकडे वळला. "बाय, उचल ती सुपारी. तू राग धर, पण उचल. मी दिवाळीला बोललो तो शब्द मागं घेतो."

"बहिणीला दिलेला शब्द?"

"पोरीला न विचारता दिला होता. तो माझा नव्हताच."

फागूने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्याने मुकाट्याने पिशवीला पुन्हा गाठ मारली, आणि कोणी बघत नाही असं वाटून हलकेच सुस्कारा सोडला.

सूर्य डोंगरापलीकडे झुकायला लागला होता. योगिता मोबाइल हातात धरून तशीच बसली होती. "आई," ती बोलली, "हे लिहू?"

"लिहिण्यासारखं आहे का, ते तू बघ."

"अजिबात नाही," सुदेश म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघू लागले, तसा तो अडखळला. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे, आधीपेक्षा हे जास्त लाजेचं आहे. आपण देवाधर्माच्या गोष्टीत सबबी सांगितल्या, असं होतं. पण मी दिवसभर अर्ज वाचतो, वयनी. शेकड्याने वाचतो. सगळ्यांत परिस्थिती लिहिलेली असते. एकाचं दुसऱ्याला लावलं तरी चालेल. हे मात्र दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही." तो थांबला. "लिही. मी खोडणार नाही."

योगिता लिहायला लागली. प्रेमा तिच्या शेजारी बसली. तिला वाचता येत होतं ते एसटीच्या पाटीपुरतं, म्हणून तिने प्रत्येक वाक्य पोरीकडून वाचून घेतलं. "बिचारी काढ," ती सांगे. "आणि बाबाला लोक हसले ते घाल. उमेश थांबला ते पण. नुसतं माझं भलं लिहू नको, मी काय देवी नाय."

"कोंबड्याचं लिहू?"

"लिही," बुध्या खांबापाशी बसूनच बोलला. "माझा कोंबडा गेला, निदान निबंधात तरी येऊ दे."

शेवटचं वाक्य कसं करावं ते योगिताला सुचेना. आईने वेळ मिळवून दिला, असं काहीतरी तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग तिने लिहिलं, की मी हा निबंध लिहिते आहे तेव्हा मांडव तयार आहे आणि माझी आई हा निबंध पाठवला जाईपर्यंत हळदीला बसणार नाही. ते खरंच होतं. तिने तिथेच थांबवलं.

पाड्यात रेंज कुठली? उमेशने न सांगता मोटारसायकल काढली आणि बहिणीला मागे बसवून वरच्या टेकाडावर घेऊन गेला. इकडे सगळा मांडव थांबला. हळद वाटून तयार होती, वाजंत्रीवाल्यांचा दुसरा चहा झाला होता, धवलेरीने नवं पान लावलं. प्रेमा रस्त्याकडे तोंड करून बसली. तिला पहिल्यांदाच भीती वाटली. सुपारी गेली खरी, पण ती परत येणार. या नाही तर दुसऱ्या पिशवीतून येणार, आणि तेव्हा आडवं घालायला आपल्याकडे काहीच असणार नाही. आपलं लगीन लागलेलं असेल.

गाडीचा आवाज आला. योगिता उतरून धावतच आली. "गेला," ती बोलली. "पोचला म्हणून मेसेज पण आला."

मग मात्र प्रेमा बसली. बायांनी तिच्या हाताला, गालाला हळद लावायला घेतली, धवलेरीने गाणं उचललं, आणि शेजारी बुध्या पाट ओढून बसला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, पण पाट जवळ ओढला. गौराबाय बराच वेळ लांब राहिली. शेवटी आली, हळदीत बोटं बुडवली आणि भावजयीच्या कपाळाला जरा जोरातच लावली.

फागू जायला निघाला होता. जाता जाता तो योगितापाशी थांबला. "पोरी, राग नको धरू," तो बोलला. "तू शिकून ये. मंगेश थांबेल तीन-चार वर्षं. मग तरी विचारू ना?"

आजवर असा प्रश्न आला की उत्तर प्रेमाने द्यायचं, आणि तेही आडून. आताही तिच्या ओठावर काहीतरी आलंच. पण धवलेरी तिच्या डोक्यावर तांदूळ टाकत होती, हलता येत नव्हतं.

"नको काका," योगिता म्हणाली. "मंगेशला थांबवू नका. माझं मला ठरवायचं आहे, आणि उत्तर नाहीच असंही होईल. हे मी तुम्हाला आज सांगते, म्हणजे नंतर तुमचं मन दुखायला नको."

तिने नजर खाली घातली नव्हती. फागूने मान डोलावली, हात जोडले आणि तो रस्त्याला लागला.

"ऐकलंस?" गौराबाय प्रेमाच्या कानाशी पुटपुटली. "तोंडावर बोलते. तुझ्यासारखं सुतक नाय सांगत."

"ऐकलं," प्रेमा बोलली, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. बाया विचारू लागल्या, काय झालं, काय झालं. हळद डोळ्यात गेली, असं ती सांगणारच होती. मग तिने ते सांगितलं नाही. सगळ्यांसमोर, नवऱ्याच्या शेजारी बसून, ती मनसोक्त रडली.